टाचणीवरून मशीन नेऊ नका

तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथून जवळच ब्लाऊज शिवून देणाऱ्या एका मराठी काकू नव्या मुलीला शिवण शिकवतात, तेव्हा आधी एक तुटकी सुई दाखवतात. लग्नसराईत कोसा रेशमाच्या ब्लाऊजला बाही जोडताना ती टाचणीवर आपटली आणि टोक उडून थेट चष्म्याच्या काचेवर बसलं. "चष्मा होता म्हणून डोळा वाचला. आधी टाचणी काढायची, मग पुढचा टाका," हे त्या ठासून सांगतात.

टाचणी शिवणीला आडवी असली की मशीन वरून सहज जाते, असं अनेकजणी मानतात. बहुतेकदा जातेही. पण साधा टाका २.५ मिलिमीटरचा आणि टाचणी अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर सरासरी पाचातल्या एका टाचणीवर सुईचं टोक पडणार. निमुळतं असल्यामुळे ते बरेचदा बाजूला घसरतं, म्हणून काही बिघडत नाही आणि हात धीट होतो. पायडलवर निभावलेली ही सवय पुढे मोटारीच्या मशीनवरही सुटत नाही. शिलाई कारखान्यातली मशीन तर मिनिटाला ५,००० टाके घालू शकते, म्हणजे सेकंदाला ८० हून जास्त. तिथे हात आवरायला वेळच कुठे मिळतो?

सुई तुटली नाही तरी नुकसान होतंच. खाली गेलेली सुई किंचित वर येते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा फास तयार होतो आणि शटलची नोक तो पकडते. सुई आणि नोक यांच्यात केसभर अंतर असतं. सुई वाकली की ती नोकेवर घासते, टाके सुटतात, दोरा तुटत राहतो, शेवटी टायमिंग बसवायला मिस्त्री बोलवावा लागतो. बोथट टोकाने कोशाचे धागे ओढले जातात. ते कापड मग पूर्ववत होत नाही.

टाचणी आडवी लावावी, डोकं कापडाच्या कडेबाहेर ठेवावं आणि ती मशीनच्या पायाशी आली की थांबून काढावी. बाहीचं वळण किंवा सरकणारं कापड असेल तर सरळ कच्चा टाका घालावा. थोडा वेळ जातो, पण उसवण्याचा त्रास वाचतो.

सुई तुटलीच तर मशीन बंद करून सगळे तुकडे शोधून जुळवावेत. कपडे निर्यात करणारे कारखाने हे तुकडे वहीत चिकटवून ठेवतात आणि एखादा सापडला नाही, तर आसपासचा माल बाजूला काढतात. लहान मुलांचं झबलं शिवताना घरीही एवढी काळजी घ्यायलाच हवी.

डोळ्यात तुकडा रुतला तर चोळू नये, स्वतः उपटू नये. कागदी कपाने डोळा दाब न देता झाकून लगेच रुग्णालय गाठावं. तेलीबांध्याहून जीई रोडने टाटीबंधला एम्स आहे. तुकडा धातूचा आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावं, कारण एमआरआयच्या चुंबकाने तो डोळ्यात हलू शकतो.