दुष्ट प्रहेलिका आणि संगणकीय कूटक्रीडा

दण्डीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पूर्वाचार्यांनी आणखी चौदा ‘दुष्ट’ प्रहेलिका गणल्या होत्या, असाही उल्लेख तो करतो. परंतु दोषांना अंत नसल्यामुळे निर्दोष प्रकारांचेच विवेचन करू, असे म्हणून त्यांना बाजूला सारतो. पुढे विश्वनाथाने रसाला बाधक ठरवून प्रहेलिकेला अलंकाराचे स्थानच नाकारले. चांगले कूट आणि वाईट कूट यांतील भेद नेमका कोठे आहे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. त्याचा नव्याने विचार करण्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस एक अनपेक्षित क्षेत्र उपलब्ध झाले. ते म्हणजे संगणकावरील कूटप्रधान साहसकथा.

या प्रकाराचा उगम विल क्राउदर (1976) व डॉन वुड्स (1977) यांच्या ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ या निव्वळ शब्दांतून चालणाऱ्या खेळात आहे. पुढे चित्रे आली. लुकासफिल्म गेम्सच्या ‘मॅनिॲक मॅन्शन’पासून (1987) पडद्यावरील क्रियापदे व वस्तू माऊसने निवडण्याची पद्धत रूढ झाली. खेळाडूने वस्तू गोळा करावयाच्या, त्यांचा परस्परांशी संबंध जोडावयाचा आणि अडलेली कथा पुढे न्यावयाची, असे त्याचे स्वरूप असते. निक माँटफर्ट यांनी 2003 साली या परंपरेच्या शब्दनिष्ठ शाखेचा अभ्यास करताना तिचे नाते कादंबरीपेक्षा कोड्याशी अधिक जवळचे मानले. ते ग्राह्य धरल्यास ‘दुष्टते’चा प्रश्न येथेही उपस्थित होतो.

जेन जेन्सन यांच्या ‘गेब्रिएल नाईट 3’ (1999) या एकाच कृतीत त्याची दोन टोके सापडतात. कथा दक्षिण फ्रान्समधील रेन-ल-शातो या गावी घडते. आरंभीच नायकाला आपला मित्र मोझली याचे सोंग घेऊन मोटारसायकल भाड्याने मिळवावयाची असते. त्यासाठी त्याने एका दाराच्या भोकाशी चिकटपट्टी लावावी, मांजरावर पाणी फवारून त्याला त्या भोकातून पळावयास लावावे, पट्टीला चिकटलेल्या केसांची मिशी करावी आणि ती पाकातून ओठावर चिकटवावी, अशी अपेक्षा आहे. मोझलीला मिशी नाही. म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रालाही मिशी काढावी लागते! हे कूट दुर्बोधतेचे उदाहरण म्हणून कुप्रसिद्ध झाले.

दुसरे कूट ‘ल सर्पां रूज’ अर्थात ‘लाल सर्प’ या नावाचे. याच नावाच्या 1967 सालच्या एका गूढ पुस्तिकेचा आधार त्याला आहे. राशिनामांची शीर्षके असलेली कडवी एकामागून एक उलगडत, त्यांतील प्रतिमा परिसराच्या नकाशावर बिंदू, वर्तुळ, चौरस अशा भूमितीच्या भाषेत उतरवावयाच्या असतात. हे काम कथेच्या दीर्घ भागावर पसरलेले आहे आणि मिशीच्या कूटाहून कितीतरी अवघड आहे. तरीही त्याची गणना या प्रकारातील उत्तम रचनांत होते. काठिण्य हा दोष नव्हे, एवढे यावरून निश्चित होते.

मग दोष कोणता? उत्तर कळताच ते अटळ वाटावे, ही चांगल्या कूटाची कसोटी सामान्यतः सांगितली जाते. ती येथे अपुरी पडते. मिशीच्या कूटालाही मागाहून एक तर्क लावता येतो. चेहऱ्यांत साम्य नाही, तेव्हा माणूस आणि छायाचित्र या दोहोंवर एकच ठळक खूण उमटविली की पाहणाऱ्याची नजर तिच्यावरच खिळते. युक्ती वाईट नाही. परंतु या तर्काकडे नेणारी वाट संहितेत कोठेही नाही. मिशी हवी, हे सुचण्यापूर्वीच खेळाडूला मांजर, पाणी व चिकटपट्टी यांचा मेळ घालावा लागतो. ‘मंकी आयलंड’चे कर्ते रॉन गिल्बर्ट यांनी 1989 च्या एका लेखात अशा उलट्या रचनेवर आक्षेप घेतला होता : दरी आधी दिसावी, दोर नंतर सापडावा. उलटपक्षी, ‘लाल सर्पा’चे एक कडवे सुटले की पुढचे कडवे वाचण्याची भूमी तयार होते. तेथे सोडविणे म्हणजेच वाचणे. उत्तराची अटळता नव्हे, तर आरंभबिंदूची उपलब्धता हा निर्दोष कूटाचा निकष मानावा लागतो.

आयते उत्तर हाती आल्यावर काय उरते, यावरही हा भेद तपासता येईल. मिशीचे उत्तर वाचल्यावर करावयाच्या क्रियांची यादी तेवढी उरते. ‘लाल सर्पा’चे उत्तर वाचूनही कडव्याकडे परतावेसे वाटते. मुक्ताबाईंच्या कूट अभंगाचा अर्थ मार्गदर्शिकेतून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला अभंग भेटत नाही, ही तक्रार अध्यापकवर्गात जुनीच आहे. पण तेथेही अभंग शिल्लक राहतो, हे विसरून चालणार नाही.

भाषानिष्ठ कूटांची स्थिती वेगळी आहे. ‘मंकी आयलंड 2’मध्ये (1991) धबधब्याचा पंप बंद करण्यासाठी पाना लागतो. मद्यगृहातील पियानो वाजविणाऱ्या माकडाला तालमापकावरील केळ्याने मोहित करून उचलावयाचे आणि त्यालाच पाना म्हणून वापरावयाचे, हे त्याचे उत्तर. इंग्रजीत एका जातीच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. रूढ शब्द येथे फोडून अक्षरशः घेतला आहे. दण्डीच्या ‘वंचिता’ या प्रकारात शब्दाची रूढी वाचकाला चकविते. येथे रूढी मोडून चकविले जाते, म्हणून तिला वंचितेची उलटी बहीण म्हणता येईल. पण ज्या वाचकाच्या बोलीत हा पाना या नावाने ओळखला जात नाही, त्याच्यासाठी तीच प्रहेलिका दुष्ट होते. दोष संहितेत आहे की वाचकाच्या भाषेत, याचा निर्णय येथे सोपा नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्याला माकड ठेवून पाना सोडावा लागेल, किंवा पाना ठेवून माकड.

रॉबर्टा विल्यम्स यांच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मधील (1984) कूट याहून फसवे आहे. एका बुटक्याचे नाव ओळखावयाचे असते. उलटा विचार करणे कधी शहाणपणाचे ठरते, अशी सूचना एका चिठ्ठीत मिळते. आरंभबिंदू आहे. खेळाडू लोककथेतील ‘रंपलस्टिल्टस्किन’ आठवतो, ते नाव उलटे लिहितो, आणि ते नाकारले जाते. अपेक्षित असते ती वर्णमालाच उलटी करून पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे अक्षर घालण्याची सांकेतिक लिपी. सूचना खरी, वाट खरी, आणि तरीही वाचकाने केलेला सरळ अर्थ चुकीचा ठरविला जातो. 1990 साली हा खेळ नव्याने सिद्ध झाला तेव्हा नाव केवळ शेवटाकडून लिहिलेले चालू लागले.