निर्यातीच्या रुपयात आपले किती?

निर्यातीचा आकडा मोठा दिसला की व्यापारी वर्गास समाधान वाटते, व ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या मालाचा कच्चा भाग परदेशातून येतो, त्याच्या बाबतीत हा आकडा म्हणजे दुकानाचा गल्ला होय, मिळकत नव्हे. देशात भर किती पडली, हे निराळे मोजावे लागते.

आपल्या नित्याच्या परिचयाचा काजूच घेऊ. पेडणे, डिचोली, सत्तरी येथील डोंगरउतारांवर काजू पिकतो. परंतु गोव्यातील कारखान्यांची वर्षभराची गरज तेवढ्याने भागत नाही, म्हणून आफ्रिकेतून बी मागविली जाते. समजा (पुढील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत), चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. बी किलोस १०० रुपये, म्हणजे आयात ४०० रुपयांची. गर परदेशी ६५० रुपयांस विकला. फरक २५० रुपये. आता भर किती टक्के? आयातीला जकातमाफी देताना सरकार हा फरक आयातीच्या किमतीशी ताडते. त्या रीतीने ६२.५ टक्के. अर्थशास्त्रज्ञ तो निर्यातीच्या किमतीशी ताडतात. त्या रीतीने सुमारे ३८.५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, मात्र एकाची दुसऱ्याशी तुलना केली की घोटाळा झालाच म्हणून समजावे. सरकारी नियमातील किमान १५ टक्के ही अट दुसऱ्या रीतीने जेमतेम १३ भरते.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. डब्याचा पत्रा, यंत्राचे सुटे भाग, मालमोटारीचे डिझेल यांतही परदेशाचा अंश असतो. तो ३० रुपये धरल्यास आपले २२०, म्हणजे सुमारे ३४ टक्केच उरतात. हा छुपा अंश शोधण्यासाठी लिऑन्टिएफ या अर्थशास्त्रज्ञाच्या पद्धतीची आदान-प्रदान कोष्टके वापरतात. ती साऱ्या देशाची सरासरी सांगतात. एका कारखान्याला आपले चोपडे पाहणे भाग आहे.

तेथे एक गोष्ट ठळक दिसते. गर फुटून तुकडा वाढला व सरासरी भाव ५५० वर आला, तरी बियांचे ४०० द्यावेच लागतात. तुटीचे शंभरही रुपये आपल्याच वाट्यातून जातात. बी फोडणाऱ्या व गर सोलणाऱ्या बायांच्या हातावर इतके अवलंबून असता त्यांच्या मजुरीत काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

उलट, तीच बी डिचोलीच्या बागायतदाराकडून ११० रुपयांनी घेतली, तर कारखानदारास ४० रुपये अधिक पडतात, पण देशाचा वाटा ९५ टक्क्यांवर जातो. शिवाय बोंडूपासून हुर्राक व फेणी होते; आफ्रिकेच्या बीबरोबर बोंडू येत नाही. कारखान्याचे हित व मुलखाचे हित येथे वेगळे पडते, हे मान्य करूनच भावाची बोलणी व्हावीत.

देशातील भर आणि देशवासीयांची मिळकत यांतही अंतर आहे. डिचोलीच्या लोहखनिजाला परदेशी कच्चा माल लागला नाही. परंतु १९५४ साली इटालियन भांडवलावर उभी राहिलेली सेसा गोवा पुढे जपानच्या मित्सुईकडे होती व २००७ साली वेदान्तकडे आली. नफ्यातील परदेशी मालकांचा हिस्सा देशातील भरीत मोजला गेला, तरी त्याचे धनी बाहेरचे होते.

काजूच्या चोपड्यात निदान परदेशी व गावठी बियांची खाती, आरंभीच्या शिलकीसह, वेगळी ठेवावीत. कोठारात दोन्ही एकत्र झाल्यावर वर्षअखेरीस ती वेगळी काढता येत नाहीत.