ऑप-अँपच्या मदतीला ट्रँझिस्टर

मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड किंवा पुणेकरांची तपकीर गल्ली, तसा बंगळूरच्या चिकपेटेलगतचा सादर पत्रप्पा रस्ता. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळण्याचे हे ठिकाण. 1968 साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी रचलेला 741 हा ऑप-अँप अशाच बाजारांतून हौशी मंडळींच्या हाती पोचला. त्याचे बळ मात्र बेताचे आहे. त्याच्यातून फार तर 25 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. 50 ओहमच्या रोधकावर 5 व्होल्ट दाब राखावयाचा, तर 100 मिलिअँपिअर हवेत. हा भार ट्रँझिस्टरवर सोपवावा लागतो.

पुरवठा 12 व्होल्टांचा घ्यावा आणि ऑप-अँपचे ऋण पुरवठा-टोक जमिनीला जोडावे. धन प्रवेशाला 5 व्होल्ट द्यावेत, निर्गम ट्रँझिस्टरच्या बेसला न्यावा. कलेक्टर पुरवठ्याला जोडून एमिटर व जमीन यांच्यामध्ये आपला रोधक बसवावा. आता ऋण प्रवेश कोठे जोडावयाचा? सारे मर्म येथेच आहे. तो ऑप-अँपच्याच निर्गमाला जोडला, तर निर्गम 5 व्होल्टांवर स्थिरावेल खरा. पण बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सुमारे 0.65 व्होल्ट खर्ची पडून रोधकाच्या वाट्याला 4.35 व्होल्टच येतील. तोच प्रवेश एमिटरला जोडला, की ट्रँझिस्टर पुनःप्रदायाच्या फेऱ्यात येतो. एमिटरचा दाब किंचित घसरताच ऑप-अँप निर्गम चढवितो आणि 5.65 व्होल्टांवर थांबतो. त्याचे विवर्धन सुमारे दोन लाख पट असल्याने एवढ्यासाठी दोन प्रवेशांत 28 मायक्रोव्होल्टांचा फरक पुरतो.

'दोन्ही प्रवेशांचा दाब सारखाच' हा नियम त्यातूनच आला. विद्यार्थी तो मंत्रासारखा घोकतात. परंतु निर्गम पुरवठ्याच्या मर्यादेला भिडला, की तो लागू राहत नाही. प्रवेशाला 12 व्होल्ट दिले म्हणून एमिटरवर 12 व्होल्ट मिळणार नाहीत.

ट्रँझिस्टरची प्रवाहवृद्धी शंभरपट धरल्यास बेसला जेमतेम 1 मिलिअँपिअर लागतो. ऑप-अँपला तो जड नाही. खरी काळजी उष्णतेची. ट्रँझिस्टरवर उरलेले 7 व्होल्ट गुणिले 0.1 अँपिअर, म्हणजे 0.7 वॉट. स्वस्त म्हणून बीसी 547 उचलण्याचा मोह होतो. पण त्याची शक्ती अर्ध्या वॉटच्या आसपास आणि 100 मिलिअँपिअर ही त्याच्या प्रवाहाची कमाल मर्यादा. तो करपेल. बीडी 139 घ्यावा आणि त्याला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळावी. त्याची धातूची पाठ आतून कलेक्टरला जोडलेली असते, तेव्हा ती पट्टी जमिनीच्या तारेला टेकू देऊ नये.