आधी सांग, कुठून आलास?

चोपड्यातलं घर. श्रावणातली उघडीप, समोर सातपुड्याची निळसर रांग. मामांनी शिरपूर तालुक्यातल्या पाड्यांवर आरोग्य सेवक म्हणून सारी नोकरी केली. रक्तनमुन्यांची पेटी खांद्याला लावून ते हिवतापाच्या मागावर फिरले. भाची जळगावला शिकते. तिचा मोठा भाऊ ठिबक सिंचनाच्या कामासाठी दीड वर्षापासून युगांडात आहे.

भाची : मामा, दादा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय. आई निश्चिंत आहे. म्हणते, जाताना त्यानं लस टोचून घेतली होती, आता तिकडच्या तापाची काळजी नाही.

मामा : ती लस पिवळ्या तापाची, बेटा. तो आजार वेगळा, त्याचा डासही वेगळा. हिवतापापासून ती लस वाचवत नाही. त्यासाठी प्रतिबंधक गोळ्या असतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे असताना घ्यायच्या आणि परत आल्यावरही, गोळी कोणती त्यानुसार, एक ते चार आठवडे चालू ठेवायच्या. वर्षभराहून जास्त मुक्काम असला की बहुतेक जण त्या सोडून देतात. मग मच्छरदाणी आणि वेळेवर तपासणी, यांवरच सारी भिस्त.

भाची : पण हिवताप आपल्याला नवा थोडाच आहे? दादाला लहानपणी दोनदा झाला होता. अंगात काही ताकद आली असेल ना?

मामा : ती ताकद टिकत नाही. जिथे हिवताप सतत असतो, तिथे पुन्हा पुन्हा लागण होऊन मोठ्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. ते गाव सोडलं की ती ओसरते. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत हिवतापाचे जे रुग्ण सापडतात, त्यांत पर्यटकांपेक्षा आपल्या मूळ गावी आप्तांना भेटून परतलेली माणसं जास्त असतात. 'आपलंच गाव, आपल्याला काय होणार' असं म्हणून ती गोळ्या घेत नाहीत. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 2000 रुग्ण आढळतात, आणि जवळजवळ सगळे बाहेरून आलेले.

दुसरी गोष्ट परजीवीची. आपल्याकडे मुख्यतः व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम हे दोन प्रकार आहेत. युगांडात बहुतेक करून फाल्सिपेरम. तो मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो. उपचाराला उशीर झाला, तर एक-दोन दिवसांत माणूस अत्यवस्थ होतो.

भाची : इथे उतरला तेव्हा दादा ठणठणीत असला, म्हणजे सुटलो ना?

मामा : नाही. डास चावल्यापासून ताप यायला निदान सात दिवस लागतात. फाल्सिपेरमचा ताप बहुधा परतल्यानंतर महिनाभरात येतो, कधी त्याहून उशिरा. व्हायवॅक्स तर यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षानंतरही उठतो. म्हणून त्यात क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांवर काम भागत नाही. दडलेला परजीवी मारायला प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बाईला ती देत नाहीत. ताप उतरला की लोक पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते.

भाची : दादाला झालाच, तर त्याच्यापासून आम्हाला होईल?

मामा : शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. मध्ये अॅनाफिलीस डासाची मादी लागते. ती रुग्णाचं रक्त पिते, तिच्या पोटात परजीवी वाढतो, आणि दहा-बारा दिवसांनी ती दुसऱ्याला चावली की आजार पुढे जातो. हा पोटातला प्रवास रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला दिसला. त्या डासानं तेवढे दिवस जगलं पाहिजे. आपल्या मे महिन्याच्या 44-45 अंशांत त्याचं आयुष्य फार नसतं. पावसाळ्यात मात्र त्याला हवा मानवते, साचलेलं पाणीही मिळतं. दादा नेमका त्याच दिवसांत येतोय.

भाची : म्हणजे जिथे हिवताप संपला, तिथेही तो परत येऊ शकतो?

मामा : आजार संपतो, डास संपत नाही. श्रीलंकेचंच बघ. तिथला शेवटचा स्थानिक रुग्ण 2012 सालचा. सप्टेंबर 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या देशाला हिवतापमुक्त ठरवलं. 2018 च्या अखेरीस मोनेरागला जिल्ह्यातल्या एका माणसाला हिवताप झाला. माग काढला, तेव्हा जवळच राहणारा एक परदेशी कामगार सापडला. तो आपल्या भारतातून गेलेला होता. तिथल्या आरोग्य खात्यानं लगेच आजूबाजूच्या लोकांचं रक्त तपासलं, डास शोधले आणि साखळी तिथेच तोडली.

ग्रीसमध्येही 2011 साली एव्रोटासच्या शेतीपट्ट्यात स्थानिक लोकांना व्हायवॅक्सची लागण झाली. तिथे शेतमजुरीला येणारी बरीच माणसं हिवताप असलेल्या देशांतली होती. अमेरिकेत 2023 मध्ये फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये परदेशी न गेलेल्या माणसांना हिवताप झाला. वीस वर्षांत तसं घडलं नव्हतं.

भाची : म्हणजे परजीवी माणसाबरोबर प्रवास करतो.

मामा : आणि कधी डासही प्रवासाला निघतो. आपल्या शहरांतल्या टाक्यांत, हौदांत वाढणारा स्टीफेन्सी डास 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडला. तिथे त्या वर्षी हिवतापाचे 27 रुग्ण नोंदले गेले होते. 2020 मध्ये ते 73 हजारांवर गेले. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा होता. हा डास तो शहरात नेतो.

भाची : मग एवढी फवारणी, एवढ्या मोहिमा व्यर्थच म्हणायच्या का?

मामा : तसं मुळीच नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारली गेली. 1965 पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. पण लक्ष कमी झालं, डीडीटीला डास दाद देईनासे झाले, आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर पोचला. रुग्ण कमी झाले की पाळत वाढवायची असते. आपण उलटं करतो. आज महाराष्ट्रातला हिवताप मुख्यतः गडचिरोली आणि मुंबईकडे आहे. आपल्याकडे कमी दिसतो, म्हणून तरुण डॉक्टरला तो पटकन आठवत नाही. धोका तिथेच आहे.

भाची : आठवण कोणी करून द्यायची?

मामा : रुग्णानं. मी नोकरीत असताना एक बाई ताप घेऊन आली. आधी दोन ठिकाणी सुया टोचून झाल्या होत्या. मी विचारलं, 'माय, दिवाळीपासून कुठे होतीस?' म्हणाली, 'बारडोलीकडे, ऊसतोडीला.' काचपट्टीवर रक्ताचा नमुना घेतला, फाल्सिपेरम निघाला. बाई वाचली. आधीच्या दोन्ही ठिकाणी तिला हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तेव्हा दादाला सांग, वर्षभरात कधीही ताप आला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य बोलायचं : 'मी युगांडात राहून आलो आहे.' रक्त त्याच दिवशी तपासायचं. पहिली तपासणी निर्दोष आली तरी ताप असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायची, गरज पडली तर तिसऱ्यांदाही. मेडिकलमधून तापाची गोळी घेऊन घरी थांबायचं नाही. आणि तुम्ही घरातल्या टाक्या झाका, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, हौदात गप्पी मासे सोडा.

भाची : मामा, आपल्या केळीच्या बागेत कामाला येणारी पावरा कुटुंबंही दरवर्षी गुजरातेतून ऊस तोडून परततात. दादाजवळ फोन आहे, पैसे आहेत. त्यांचं काय?

मामा : म्हणूनच तर आम्ही पाड्यापाड्यावर जायचो. त्यांच्या दारी आरोग्य सेवक आणि आशाताई पोचलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत, हे त्यांना कळलंच पाहिजे.

भाची : आधी दादाला फोन करते. परवा बागेत माणसं आली, की त्यांनाही विचारते, कुठून आलात म्हणून.

मामा : विचार. पण चौकीतल्या हवालदारासारखं विचारू नकोस. माणूस पोटासाठी जातो, आजार त्यानं मागून आणलेला नसतो. आपल्यावर ठपका येईल, मजुरी जाईल असं वाटलं, तर तो ताप लपवील. आधी पाणी दे, खाली बसव, मग विचार.