चीवर घेण्याआधीची वर्षे

बारावी झालेल्या मुलाने "मला भिक्खू व्हायचंय" असे म्हटले की रायपुरातल्या मराठी बौद्ध घरातही आईवडिलांना पहिली धास्ती वाटते ती मुलगा हातचा जाण्याची. ही धास्ती समजण्यासारखी आहे; पण विनयाचे, म्हणजे भिक्खूसंघाच्या शिस्तीचे, नियम पाहिले तर ते पालकांच्याच बाजूने उभे दिसतात. बुद्धांचा मुलगा राहुल याला आजोबा शुद्धोदन यांना न विचारता प्रव्रज्या (गृहत्यागाची पहिली दीक्षा) दिली गेली, तेव्हा शुद्धोदनांनी दुःखाने केलेली विनंती बुद्धांनी मान्य केली आणि आईवडिलांच्या संमतीशिवाय कुणालाही प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आजही उपसंपदेच्या (पूर्ण भिक्खूदीक्षेच्या) वेळी संघासमोर उमेदवाराला विचारतात: कर्ज आहे का, सरकारी चाकरीत आहेस का, वीस वर्षे पूर्ण झाली का, आईवडिलांनी परवानगी दिली का, तुझे उपाध्याय (दीक्षागुरू) कोण? यांतला एकही प्रश्न घाईच्या माणसाला सोयीचा नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की चीवराची ओढ खरी असेल तर आधीची तीन-चार वर्षे शिक्षणाला द्यावीत, आणि पालकांनी संमती अडवून न धरता ती या तयारीशी जोडावी.

"संसार सोडायचाच आहे, मग पदवी कशाला?" असे मुले विचारतात. याचे उत्तर धर्मानंद कोसंबींच्या आयुष्यात मिळते. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मलेले कोसंबी १८९९ मध्ये घर सोडून निघाले, ते थेट विहारात गेले नाहीत. पुण्यात आणि काशीत त्यांनी आधी संस्कृत शिकून घेतले. श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडे ते श्रामणेर (नवदीक्षित) झाले ते १९०२ साली. भाषेचा पाया पक्का होता म्हणून पाली त्यांना लवकर साधली. पुढे १९०६ च्या सुमारास ते गृहस्थजीवनात परतले आणि त्यानंतर फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, हार्वर्डमध्ये ग्रंथसंपादन केले. "परत आला तर लोक काय म्हणतील?" या पालकांच्या प्रश्नालाही यातच उत्तर आहे. विनयात चीवर रीतसर उतरवण्याची मुभा आहे, तो अपराध मानलेला नाही. अर्थात कोसंबी पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून गेले होते, आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली. विशीतल्या अविवाहित मुलाला ती कुणाला मोजायला लावावी लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्षात सुरुवात घराजवळून होते. दुर्गजवळ थनौदला विपश्यना केंद्र आहे; तिथले दहा दिवसांचे शिबिर विनाशुल्क असते आणि मौन, एकांत, पहाटे उठणे झेपते का ते कळते. त्यानंतर एखाद्या विहारातले श्रामणेर शिबिर करावे. पालीसाठी नागपूर विद्यापीठ रेल्वेने एका दिवसाच्या आत गाठता येते, आणि पुढच्या अभ्यासासाठी नालंदा येथील नव नालंदा महाविहार आहे. मुलींची वाट अधिक खडतर आहे: १९९८ साली बोधगयेत भिक्खुनी-उपसंपदा झाली, तरी थेरवादी देशांतले बरेच संघ ती अजून मानत नाहीत.

आंबेडकरी घरांतून येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: समाज शिक्षणासाठी, हक्कांसाठी झगडत असताना शिकलेल्या मुलाने विहारात बसावे का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच प्रश्न मांडला: भिक्खू केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस असावा की समाजसेवक? त्यांचा कौल सेवेकडे होता. मग सेवा करणाऱ्या भिक्खूला कायदा, आरोग्य, अध्यापन यांतले काही तरी नीट यायला नको का? वंदना आणि परित्राणपाठ पाठ असले म्हणजे तयारी झाली, असे मी मानत नाही.

राहिला पोटापाण्याचा आणि म्हातारपणाचा प्रश्न. श्रामणेराच्या दहा शीलांतले शेवटचे सोने-रुपे न स्वीकारण्याचे आहे, त्यामुळे पगार, पेन्शन असा हिशेब इथे लागत नाही. सगळा भार संघावर आणि उपासकांवर. म्हणूनच पालकांनी विहाराची इमारत पाहण्याआधी उपाध्याय पाहावेत. त्यांचे किती वर्षावास झाले (दहा पूर्ण झाल्याशिवाय कुणी उपाध्याय होऊ शकत नाही), विनय कोण शिकवते, दीक्षेसाठी पैसे मागतात का, आजारी भिक्खूंकडे कोण पाहते, हे निःसंकोच विचारावे. उपाध्यायाने शिष्याला मुलासारखे मानावे आणि तो आजारी पडला तर स्वतः त्याची शुश्रूषा करावी, असे विनयातच सांगितले आहे.