पैशावरील अक्षरे

वाडीतील जुन्या घरांतून बडोदे सरकारचा एखादा तांब्याचा पैसा अद्यापि सापडतो. दसरा आला की भांड्यांबरोबर तोही चिंच लावून घासला जातो. त्यावरील काळसर थर मळ नव्हे. तो धातूचे रक्षण करतो. घासण्याने तो जातो, आणि हळूहळू अक्षरेही जातात.

ही अक्षरे मोठी बोलकी आहेत. घोड्याचा खूर व तरवार यांच्या सभोवती सयाजीरावांचे नाव आणि ‘सेना खासखेल समशेर बहादूर’ ही बिरुदे. पैकी ‘समशेर बहादूर’ हे बिरुद १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर सातारकर शाहू छत्रपतींनी दमाजी गायकवाडांस दिले. मागील बाजूस विक्रम संवत् आहे. १९४९ असेल तर ५७ वजा करावे, म्हणजे सुमारे १८९२ साल येते.

पदकाची गोष्ट निराळी. सयाजीरावांच्या १९३६ च्या हीरक महोत्सवाचे पदक प्रसंग सांगते, परंतु ते घरात कोणास व कशाबद्दल मिळाले, हे त्यावर नसते. ते आजी-आजोबांस विचारून चिठीवर लिहावे व चिठी पदकाजवळच ठेवावी. सोनाराच्या मुशीत गेलेल्या पदकाची चिठी कोणी लिहीत नाही.