बोटॉक्स फक्त सुरकुत्यांसाठी नाही

वस्तीतल्या बैठकांत आम्ही बोटॉक्सचे नाव काढले की बाया हसतात, ‘ते सिनेमावाल्यांचे’ म्हणतात. पण अमेरिकेचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी हे औषध तयार केले ते तिरळ्या डोळ्यांसाठी. तिथे त्या उपचाराला १९८९ साली मान्यता मिळाली. कपाळावरच्या आठ्यांसाठी २००२ साली.

मुळात हे एका जिवाणूचे विष. अगदी थोडे स्नायूत टोचले की नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो.

सेरेब्रल पाल्सीचे मूल टाचा उचलून चालते, लकव्यानंतर मूठ उघडत नाही, अशा काही रुग्णांना याचा उपयोग होतो. सोबत फिजिओथेरपी हवीच. आजार मुळातून जात नाही, पण चालणे, कपडे घालणे सोपे होऊ शकते. असे मूल ‘मागच्या जन्माचे भोग’ म्हणून घरात बसवू नका. ते भोग आपण दीक्षेसोबतच नाकारले. दोष मेंदूला झालेल्या इजेचा आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात विचारा.

लग्नाआधी पार्लरमध्ये कुणी स्वस्तात टोचून देतो म्हणाले, तर नको म्हणा. हे प्रशिक्षित डॉक्टरांचेच काम. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगा. इंजेक्शननंतर गिळता येईना, बोलणे अडखळले, श्वास लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. काही दिवसांनी झाले तरीही.

जयभीम!